खासगी शाळांची तपासणी : या चुका टाळा

तपासणीचं पत्र आलं की अनेक खासगी शाळांत रंगरंगोटी सुरू होते, दारात कुंड्या येतात, फलकलेखन होतं. शिक्षण विभागाचे विस्तार अधिकारी तपासणीला येतात तेव्हा मात्र मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘मुलं घाण करतात.’

माझ्या मते सगळ्यात गंभीर चूक हीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं सांगितली आहेत, ती वापरण्यासाठी. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी प्रणालीत, ‘आहे’ असं भरून मोकळं होता येतं, पण सहावी-सातवीतली मुलगी घरी जाईपर्यंत पाणी प्यायचंच टाळते. मुख्याध्यापकांनी मधल्या सुट्टीत एखाद्या शिक्षिकेला रोज आत पाठवावं. नळाला पाणी येतं का? कडी आतून लागते का? झाकणाची कचरापेटी आहे का? सफाई सकाळी एकदा उरकून भागत नाही, मधल्या सुट्टीनंतर पुन्हा व्हायला हवी.

रॅम्पचंही तसंच. फोटोत तो छान दिसतो, पण वर पोचल्यावर दारात चार इंचांचा उंबरा! चाकाच्या खुर्चीवरचं मूल तिथेच अडतं. उतार १:१२ ठेवा, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी, आणि कठडा लावा.

आगीच्या बाबतीत तर हयगय नकोच. २००४ साली तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून आग पसरली आणि ९४ मुलं गेली. तरीही जिन्याखाली मोडकी बाकं रचलेली दिसतात, मागच्या दाराची किल्ली शिपायाच्या खिशात असते. अग्निशामक सिलिंडर नुसता टांगून उपयोग नाही. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पुनर्भरणाची तारीख उलटली का, ते पाहा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन अग्निशमन विभागाकडे द्यावं लागतं. जुलैचं हमखास राहून जातं.

वर्ग वाढले की खोल्या कमी पडतात, मग प्रयोगशाळेत तुकडी बसते. पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि शिक्षकामागे एक वर्गखोली, हा हिशेब प्रवेश देण्याआधी करा.

कागदपत्रांत दोनच गोष्टी जपा : मान्यतेची मुदत, आणि शेरेबहीतले मागच्या तपासणीचे शेरे. तीच त्रुटी दुसऱ्यांदा निघाली की अधिकाऱ्याला शाळेच्या शब्दाचा भरवसा उरत नाही. त्रुटी कशा दूर केल्या ते कळवणाऱ्या अनुपालन अहवालात ‘कार्यवाही सुरू आहे’ असं मोघम लिहू नका. कोणतं काम, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहा आणि झालेल्या कामाचं बिल जोडा. अहवालाची एक प्रत पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत ठेवा. स्वच्छतागृहाला पुन्हा कुलूप लागलं तर ते पालकांना आधी कळतं.