डोमेन, रेंज आणि रेडियन: पेपरला बसण्याआधीची तयारी

अकरावीत फंक्शन आणि कोनमापन हे दोन वेगळे धडे असले तरी तयारी एकत्रच करा. बारावीत साइन इन्व्हर्स (साइनच्या किमतीवरून कोन काढणारं फंक्शन) आलं की दोन्ही एकाच गणितात भेटतात आणि तिथेच गुण जातात.

सुरुवात रेडियनपासून. स्टीलचं एक ताट आणि न ताणणारा शिवणाचा दोरा घ्या. ताटाच्या मध्यापासून कडेपर्यंतच्या लांबीचा तुकडा कापा आणि कडेवर गोल बसवा. त्याच्या दोन टोकांपासून मध्यापर्यंत रेषा काढल्या की त्यांच्यामधला कोन एक रेडियन, म्हणजे साधारण ५७ अंश १७ मिनिटं ४५ सेकंद. पूर्ण कडेवर असे सहा तुकडे बसतात आणि पाव तुकड्याहून थोडी जास्त जागा उरते. २π म्हणजे ६.२८ ते हेच. लांबीला लांबीने भागल्यामुळे रेडियन ही नुसती संख्या आहे, हे मनात पक्कं बसवा. कंसाची लांबी = त्रिज्या × कोन आणि वर्तुळपाकळीचं क्षेत्रफळ = ½ × त्रिज्येचा वर्ग × कोन ही सूत्रं कोन रेडियनमध्ये असेल तरच चालतात. ३५ सेंमी त्रिज्येचं चाक न घसरता दोन फेरे फिरलं तर कोन ४π, आणि π = २२/७ धरून अंतर ४४० सेंमी. तिथे ७२० अंश टाकलात तर उत्तर २५२ मीटर येईल. दोन फेऱ्यांत चाक एवढं जाईल का, हे स्वतःला विचारायची सवय लावा.

घड्याळाची दोन-तीन गणितं पुरेत. ३ वाजून ४० मिनिटांनी मिनिटकाटा २४० अंशांवर आणि तासकाटा ११० अंशांवर असतो. फरक १३० अंश, म्हणजे १३π/१८. तासकाटा तीनवरच ठेवला की गणित चुकतं. तो मिनिटाला अर्धा अंश सरकतो. सरावात कॅल्क्युलेटर वापरत असाल तर आधी साइन ३० काढून पाहा. ०.५ ऐवजी −०.९८८ आलं तर तो रेडियनवर आहे.

आता डोमेन, म्हणजे फंक्शनमध्ये क्ष च्या जागी चालणाऱ्या सगळ्या किमती, आणि इथे घाई नको. फंक्शन दिसलं की सोपं रूप देण्याआधी तीन ठिकाणं तपासा: छेद शून्य होतो का, वर्गमुळाखाली ऋण संख्या येते का, लॉगच्या आत शून्य किंवा ऋण येतं का. जास्तीत जास्त चुका आधी काटाकाट केल्यामुळे होतात. (क्ष² − ४)/(क्ष − २) चं क्ष + २ करून डोमेन ‘सर्व वास्तव संख्या’ लिहिलं जातं. खरं तर २ वगळावा लागतो आणि त्यामुळे रेंजमधून, म्हणजे फंक्शनच्या मिळणाऱ्या किमतींतून, ४ गळतो. वर्गमूळ छेदात असेल तर शून्यही चालत नाही, म्हणून √(क्ष − ३) + १/√(५ − क्ष) चं डोमेन [३, ५); चौकोनी कंस म्हणजे टोक धरलेलं, गोल म्हणजे वगळलेलं. पाचपाशी गोल कंस का, हे बोलून सांगता आलं पाहिजे.

रेंजसाठी √(९ − क्ष²) हे नमुन्याचं गणित. डोमेन [−३, ३], पण रेंज [०, ३]; वर्गमुळाचं चिन्ह ऋण किंमत देत नाही. क्ष/(१ + क्ष²) सारखं असेल तर त्याला य म्हणा, यक्ष² − क्ष + य = ० असं वर्गसमीकरण मांडा आणि विवेचक (b² − 4ac) शून्य किंवा जास्त घ्या: १ − ४य² ≥ ०, म्हणून रेंज [−½, ½]. य = ० ला समीकरण वर्गसमीकरण राहत नाही, तेवढी किंमत वेगळी तपासा. ३ साइन क्ष + ४ कॉस क्ष ची रेंज [−५, ५] आहे, [−७, ७] नव्हे, कारण साइन आणि कॉस एकाच वेळी १ होत नाहीत.

शेवटी साइन इन्व्हर्स. त्याची रेंज [−π/२, π/२], कॉस इन्व्हर्सची [०, π]. साइन इन्व्हर्स (साइन २) ला ‘२’ हे उत्तर बरेच जण देतात. अंशाची खूण नाही म्हणजे २ रेडियन, आणि π/२ जेमतेम १.५७, तेव्हा २ रेंजबाहेर. साइन (π − २) ची किंमत तीच, म्हणून उत्तर π − २, सुमारे १.१४. हेच गणित २ च्या जागी ३, ४, ५ घेऊन सोडवा. ३ ला π − ३ येतं, ४ लाही π − ४ च, मात्र ५ ला ५ − २π.