विशेष अधिवेशनाची मागणी: निवेदन कुणाच्या नावे लिहायचे?

मोर्चा जिल्हाधिकारी कार्यालयावर पोहोचतो, निवेदनावर मायना असतो ‘मा. राज्यपाल’. मागणी विधिमंडळाच्या विशेष अधिवेशनाची असेल तर हा मायना चुकीचा आहे, आणि त्यात मोर्चाची मेहनत वाया जाते.

राज्यघटनेच्या कलम १७४ नुसार अधिवेशन राज्यपाल बोलावतात, पण मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच. अरुणाचलमध्ये राज्यपालांनी १४ जानेवारी २०१६ चे अधिवेशन परस्पर १६ डिसेंबर २०१५ वर आणले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जुलै २०१६ मध्ये तो आदेश रद्द केला. उलट बाजूही तितकीच पक्की आहे. मंत्रिमंडळाने सल्ला दिला की अधिवेशन बोलावणे राज्यपालांवर बंधनकारक, हे पंजाबच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट झाले.

म्हणून मायना मुख्यमंत्र्यांच्या नावे घाला. प्रती संसदीय कार्यमंत्र्यांना आणि जिल्ह्यातल्या सगळ्या आमदारांना द्या. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्क्याची पोच घ्या. पोच नसेल तर पाठपुरावा कशाच्या आधारे करणार?

लिहिण्याआधी एक गोष्ट तपासा: मागच्या अधिवेशनाची सत्रसमाप्ती (राज्यपालांच्या आदेशाने अधिवेशन औपचारिकपणे संपणे) झाली आहे की सभागृह नुसते तहकूब आहे? सत्रसमाप्ती झाली नसेल तर अध्यक्ष बैठक पुन्हा बोलावू शकतात, राज्यपालांच्या नव्या आदेशाची गरज नसते. पंजाब विधानसभेच्या जून २०२३ च्या बैठका न्यायालयाने याच कारणाने वैध ठरवल्या. अशा वेळी प्रत विधानसभा अध्यक्षांना आणि विधान परिषदेच्या सभापतींनाही द्या.

मजकुरात कायदा हवा की ठराव, ते पहिल्याच ओळीत सांगा. ठरावासाठी नेहमीचे अधिवेशन पुरते. सीमाप्रश्नाचा ठराव २७ डिसेंबर २०२२ ला नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातच झाला. कायदा हवा असेल तर त्यामागची माहिती आधी तयार लागते. २० फेब्रुवारी २०२४ च्या एकदिवसीय अधिवेशनात मराठा आरक्षणाचे विधेयक संमत झाले, कारण मागासवर्ग आयोगाचा अहवाल त्याआधीच सरकारच्या हाती आला होता.

दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही. मोजणी शेवटच्या बैठकीपासून पुढच्या पहिल्या बैठकीपर्यंत करा, सत्रसमाप्तीच्या तारखेपासून नव्हे. ही मुदत जवळ आली असेल तर निवेदनात तारखांसह लिहा.

सरकारचे बहुमतच शंकेत असेल तेव्हा मात्र राज्यपालांना बहुमत चाचणी सांगता येते. त्यालाही ठोस आधार लागतो. जून २०२२ मधल्या आपल्याच राज्यातल्या चाचणीच्या आदेशामागे तो नव्हता, पक्षांतर्गत वाद पुरेसा नाही, असे घटनापीठाने ११ मे २०२३ ला सांगितले.