सिम्बॉलिक टेन्सर लिहिताना या चुका टाळा: २×२ वर चाललं म्हणून खूश होऊ नका

सिम्बॉलिक टेन्सर म्हणजे कितीही मितींचा अ‍ॅरे, ज्याचे घटक नुसते आकडे नसून क्ष सारख्या चिन्हांच्या एक्स्प्रेशन असतात. त्यात सगळ्यात जास्त डोकं खातो तो इंडेक्सचा (घटकाची जागा सांगणाऱ्या अंकांचा) क्रम. परम्युटेशनचं, म्हणजे इंडेक्सचा क्रम बदलणारं फंक्शन लिहिलं, २×२ चा अ‍ॅरे देऊन बघितला, बरोबर आला, झालं काम असं वाटतं. पण दोनच इंडेक्सची अदलाबदल उलटी केली तरी तीच राहते ना, त्यामुळे आपण परम्युटेशन लावतोय की त्याचं इन्व्हर्स हे तिथे कळणारच नाही. २×३×४ चा अ‍ॅरे घ्या, (१,२,०) क्रम द्या. नमपायच्या (पायथनमधली आकड्यांच्या अ‍ॅरेची लायब्ररी) पद्धतीने ३×४×२ यायला पाहिजे, ४×२×३ आलं तर उलटं लागलंय.

डेरिव्हेटिव्हमध्येही हाच घोळ. सिमपायमध्ये (पायथनची सिम्बॉलिक गणिताची लायब्ररी) अ‍ॅरेचं अ‍ॅरेने डेरिव्हेटिव्ह घेतलं की व्हेरिएबलचा इंडेक्स आधी येतो, म्हणजे २ फंक्शन आणि ३ व्हेरिएबल असतील तर ३×२, आणि मॅट्रिक्सचं जेकोबियन (प्रत्येक फंक्शनच्या प्रत्येक व्हेरिएबलने घेतलेल्या डेरिव्हेटिव्हचा तक्ता) मात्र २×३ देतं. ३ फंक्शन ३ व्हेरिएबल असले की एरर वगैरे काही नाही, गपचूप ट्रान्सपोज झालेलं उत्तर हातात. मी यात अख्खी संध्याकाळ घालवलीय.

मेमरी संपतेय? मग बहुतेक तुम्ही आधी पूर्ण टेन्सर प्रॉडक्ट (एकाचा प्रत्येक घटक गुणिले दुसऱ्याचा प्रत्येक घटक) काढून नंतर काँट्रॅक्शन (दोन इंडेक्स जुळवून त्यांवर बेरीज) करताय. दोन १०×१० मॅट्रिक्सच्या गुणाकारासाठी मध्येच १०,००० एक्स्प्रेशन तयार होतात, उत्तरात हवे असतात १००. ४ मितींतल्या रीमान टेन्सरचे (वक्रता सांगणारा, चार इंडेक्सचा टेन्सर) २५६ घटक, दोन रीमान गुणले की ६५,५३६, आणि त्यातला प्रत्येक घटक नुसता आकडा नाही तर लांबलचक एक्स्प्रेशन असू शकतो. त्यापेक्षा प्रॉडक्ट आणि काँट्रॅक्शन न सोडवता तसेच ऑब्जेक्ट म्हणून धरून ठेवा, कुठले इंडेक्स जुळणार ते कळलं की फक्त लागतील तेवढ्याच बेरजा करा.

स्पार्स अ‍ॅरेत (जो फक्त शून्य नसलेले घटक साठवतो) शून्य ओळखणं ही वेगळीच कटकट. (क्ष+१)²−क्ष²−२क्ष−१ हे शून्यच आहे, पण एक्स्पांड केल्याशिवाय लायब्ररीला ते दिसत नाही आणि ती ते साठवून ठेवते. आणि प्रत्येक घटकाला फंक्शन लावताना फक्त साठवलेल्या घटकांनाच लावलं तर कोसाइनला फसाल, शून्याचा कोसाइन १ असतो. आधी फंक्शनला शून्य देऊन बघा, शून्य नाही आलं तर सगळे घटक भरावेच लागतात.

गुणाकाराच्या चिन्हाचं काय? दोन अ‍ॅरेंमध्ये ते लावलं की घटकाला घटक गुणायचा की टेन्सर प्रॉडक्ट, प्रत्येकाची अपेक्षा वेगळी. सिमपाय तिथे सरळ एरर देतं, मला ते पटतं.