सिंगल क्रिस्टल ब्लेडचं ओरिएंटेशन ऑटोमॅटिक मोजताय? मग या चुका टाळा

अंधेरी एमआयडीसीतल्या एका शॉपमध्ये (नाव नको) मी काही वर्षं टर्बाइन ब्लेडच्या तपासणीवर होतो. तिथे हाताने लाउए पॅटर्न (क्रिस्टलवरून परतलेल्या एक्स-रेच्या ठिपक्यांची नक्षी) काढून मोजण्याऐवजी रोबोट, डिटेक्टर आणि सॉफ्टवेअर असं सेटअप बसवलं, आणि पहिले दोन महिने आम्ही जाम खूश होतो, कारण मशीन प्रत्येक ब्लेडला आकडा देत होतं. नंतर लक्षात आलं की खरा लोच्या तोच आहे. जुना ऑपरेटर पॅटर्न बघून "हे काय कळत नाही बाबा, परत घे" म्हणायचा, पण मशीन तसं कधीच म्हणत नाही, कचरा दिला तरी दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. निकेल सुपरअलॉयच्या (उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूच्या) सिंगल क्रिस्टल, म्हणजे अख्खं एकाच स्फटिकाचं असलेल्या ब्लेडमध्ये ००१ दिशा (अणूंच्या घनाच्या कडेची) ब्लेडच्या अक्षाच्या जवळ हवी असते, कारण त्या दिशेला धातू सगळ्यात कमी ताठ असतो, रूम टेंपरेचरला साधारण १३० गिगापास्कल, तर १११ दिशेला (घनाच्या कोपऱ्यातून कोपऱ्यात) ३०० च्या आसपास. ताठरपणा कमी म्हणजे तापताना-थंड होताना ताण कमी, म्हणजे ब्लेड जास्त टिकतं. ड्रॉइंगवर बहुतेक वेळा १० ते १५ अंशांचं लिमिट असतं, आणि ते एक्स-रेने मोजायची पद्धत म्हणजे १९१२ सालचा लाउएचा शोध, आजही तोच, फक्त फिल्मच्या जागी डिटेक्टर आला.

आरसा झालेली इमेज

ही चूक सगळ्यात वाईट, कारण ती लपते. डिटेक्टरची इमेज सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी डावी-उजवी पलटते, कोणीतरी एक चेकबॉक्स दाबलेला असतो, आणि ००१ चा अक्षाशी असलेला कोन तरीही बरोबरच येतो, कारण आरशात कोन बदलत नाही. बदलते ती झुकाव कुठल्या बाजूला आहे ती माहिती, आणि दुसऱ्या दिशेचा कोन (क्रिस्टल अक्षाभोवती किती फिरलंय तो), ज्याला आम्ही बीटा म्हणायचो, तो उलट्या चिन्हाने येतो. पहिलं लिमिट पास होत राहतं, म्हणून कोणाला संशय येत नाही.

त्यात लोक कॅलिब्रेशनला १०० कटची (पृष्ठभाग घनाच्या बाजूला समांतर असलेली) सिलिकॉन वेफर सरळ लावतात. तिचा पॅटर्न इतका सममित असतो की पलटला तरी तसाच दिसतो, म्हणजे ती टेस्ट नापास होऊच शकत नाही! वेफर मुद्दाम ५ अंश उजवीकडे झुकवा. परावर्तित किरण दुप्पट म्हणजे १० अंश वळतो, आणि ३० मिमी अंतरावर मधला ठिपका साधारण ५.३ मिमी सरकायला हवा. कुठल्या बाजूला सरकला ते कागदावर लिहा, मग वरच्या बाजूला झुकवून परत तेच करा, कारण एकाच दिशेची टेस्ट दुसरा पलटा पकडत नाही. सॉफ्टवेअर अपडेट झालं की पुन्हा करायचं, आळस नको.

डिटेक्टरचं अंतर "अंदाजे" टाकणं

हिशोब करून बघा. सॉफ्टवेअरला ३० मिमी सांगितलंय, खरं अंतर ३१ आहे, आणि ठिपका मध्यापासून ३० मिमीवर आहे. तो ठिपका देणाऱ्या प्लेनचा (अणूंच्या थराचा) कोन साधारण अर्धा अंश चुकतो. लिमिटच्या काठावरच्या ब्लेडला अर्धा अंश म्हणजे पास-फेल. आणि रोबोट असला तरी अंतर दर ब्लेडला तेच असेल असं नाही, एअरफॉइल (ब्लेडचं पातं) वाकडा असतो, बीम पृष्ठभागाला जिथे लागतो ती जागा पुढे-मागे होते. लेझरने अंतर घ्या किंवा निदान इंडेक्सिंगमध्ये (ठिपके क्रिस्टलच्या दिशांशी जुळवताना) अंतरही फिट करू द्या.

ब्लेड फिक्स्चरमध्ये बसतंय का?

आमच्या अर्ध्या "क्रिस्टल खराब आहे" वाल्या तक्रारी फिक्स्चरच्या (ब्लेड धरून ठेवणाऱ्या पकडीच्या) निघाल्या. रूटखाली (ब्लेडच्या बुडाखाली) शेलचा, म्हणजे ओतकामाच्या साच्याचा सिरॅमिक कण अडकला, कुठे फ्लॅश (कडेची जास्तीची धातूची पापडी) घासायची राहिली, ब्लेड एक-दोन अंश तिरकं बसलं, आणि एक्स-रेने ते प्रामाणिकपणे मोजलं. एकच ब्लेड दहा वेळा काढून, परत लावून मोजा. त्याच जागी ठेवून दहा वेळा मोजलं तर फक्त डिटेक्टरचा गोंगाट कळतो, फिक्स्चरचा नाही. आलेला फरक लिमिटमधून वजा करून आतली रेषा धरा.

अँगलचं अ‍ॅव्हरेज काढणं

क्यूबिक क्रिस्टलचे २४ सारखेच फिरवलेले अवतार असतात, सॉफ्टवेअर त्यातला कुठलाही उचलतं. एका मापात बीटा १ अंश, दुसऱ्यात ८९, खरा फरक २ अंशांचा. एक्सेल मात्र सरासरी ४५ सांगतं. ऑयलर अँगलची (क्रिस्टलची दिशा सांगणाऱ्या तीन कोनांची) सरळ सरासरी कधीच काढायची नाही, आधी सगळी मापं एकाच अवतारात आणा, मग बाकीचं. माझ्याकडून ही चूक झालीय, रिपोर्ट गेल्यावर कळली.

पृष्ठभाग, आणि त्यामागचं खरं दुखणं

लाउएला लागणारा एक्स-रे निकेलमध्ये जेमतेम दहा-वीस मायक्रॉन जातो, म्हणजे तुम्ही कातडीच मोजता. शॉट ब्लास्टिंगने ती कातडी चेचली गेली की ठिपके पसरतात, सॉफ्टवेअर त्यातून काहीतरी जुळवतं. सोपा उपाय, मोजायची जागा एच करा (अ‍ॅसिडने वरचा थर काढा). पण थांबा. ब्लास्ट केलेलं ब्लेड सोल्यूशन हीट ट्रीटमेंटला (भट्टीत खूप तापवायला) गेलं असेल तर तिथे रिक्रिस्टलायझेशन (एका क्रिस्टलच्या जागी नवे बारीक क्रिस्टल तयार होणं) होऊ शकतं, आणि मग बारीक ठिपक्यांची गर्दी दिसते ती मापाची अडचण नसून ब्लेडचाच दोष असतो. एच करून, परत मोजून, ओके मारलं तर तुम्ही पुरावा धुऊन टाकला. आधी फोटो, मग निर्णय, मग एच.

तसंच एकाच जागी मापून समाधान मानू नका. बीम मिलिमीटरभराचा, ब्लेड हातभर नसलं तरी त्यापेक्षा कितीतरी मोठं, प्लॅटफॉर्मच्या कोपऱ्यात स्ट्रे ग्रेन (वेगळ्याच दिशेचा भटका क्रिस्टल) बसलेला असेल तर मध्यावरचं माप त्याला बघणारच नाही. मॅक्रो एचिंगने आधी डोळ्याने बघा, संशयाच्या जागी बीम न्या. दोन ग्रेन एकत्र आले की पॅटर्न दुहेरी होतो आणि सॉफ्टवेअर दणकट ठिपक्यांचा निवडून दुसरा सोडून देतं. म्हणून न जुळलेले ठिपके किती उरले ती संख्या रिपोर्टमध्ये घ्याच, आणि ती जास्त असेल तर मशीनने पास-फेल न देता "माणसाने बघा" असंच म्हणावं, हे सेटिंग आम्ही सगळ्यात उशिरा केलं.

बॅकग्राउंड धूसर असेल तर एक्स्पोजर वाढवून फायदा नाही, निकेलचं स्वतःचं फ्लुरोसन्सही (एक्स-रे पडल्यावर निकेल स्वतः सोडतं ते किरण) तितकंच वाढतं. डिटेक्टरसमोर अ‍ॅल्युमिनियमची पातळ फॉइल लावा, मग बघा.

आणि जुलै

मुंबईत पावसाळ्यात दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. एसी बंद पडला, किंवा रात्री कोणी वीज वाचवायला बंद केला, आणि चिलर (ट्यूबला थंड पाणी देणारं मशीन) २० अंशांवर चालू राहिला, की ट्यूबच्या पाइपवर आणि हाउसिंगवर घाम येतो. हाय व्होल्टेजच्या जवळ पाणी, पुढचं सांगायला नको. आमचा एक दिवस ट्यूब ट्रिप का होते यात गेला, चिलरचं सेटिंग कोणी बघितलंच नव्हतं. खोलीत आर्द्रतामापक टांगा, चिलर दवबिंदूच्या वर ठेवा.

ट्रिप झाली म्हणून घाईत दाराचा इंटरलॉक (दार उघडलं की एक्स-रे बंद करणारा स्विच) टेप लावून बायपास करणारे मी बघितलेत. एक्स-रे मशीनला एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) नियम लागू आहेत, त्यांचं ऑफिस अणुशक्तीनगरात, म्हणजे इथेच. पण नियम बाजूला ठेवा, आत हात घालून फिक्स्चर सरळ करणारा माणूस रोबोटला दिसत नाही. टेप काढा आणि दाराचा स्विच बदला, शंभर-दोनशे रुपयांची गोष्ट नसली तरी ट्यूबपेक्षा स्वस्तच पडते.