व्हर्च्युअल मशीनवर पीबीएक्स चालवताना आवाज तुटू नये म्हणून

इंटरनेट टेलिफोनचं एक्स्चेंज, म्हणजे पीबीएक्स, व्हर्च्युअल मशीनवर (खऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने बनवलेल्या संगणकावर) चालतं का, असं अजूनही विचारलं जातं. चालतं, उत्तम चालतं. फक्त ते वेबसाइटसारखं वागवलं, की माणसं फोनवर 'हॅलो, हॅलो' करत बसतात.

उभारणी सोपी आहे. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सवर (किंवा तुमच्याकडे जे असेल त्यावर) २ कोअर आणि ४ जीबी मेमरीची मशीन बनवा, नेटवर्क कार्डाचा प्रकार व्हर्टआयओ निवडा, स्थिर आयपी द्या, अ‍ॅस्टरिस्क हे एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर चढवा. छोट्या ऑफिसला एवढं पुरतं. पीआरआय लाइन (फोन कंपनीची, एकाच वेळी अनेक कॉल नेणारी) असेल तर तिचं कार्ड मशीनला थेट जोडण्याच्या भानगडीत पडू नका. मशीन त्याच होस्टला (ज्या खऱ्या संगणकावर ती चालते त्याला) कायमची बांधली जाते. वेगळा गेटवे, म्हणजे त्या लाइनचे कॉल इंटरनेट कॉलमध्ये बदलणारा डबा, लावा.

आवाज एकाच बाजूने येत असेल तर बाहेरचा आयपी आणि आतलं नेटवर्क सेटिंगमध्ये भरा, आवाज वाहून नेणाऱ्या आरटीपीचे १०००० ते २०००० यूडीपी पोर्ट उघडा, राउटरमधलं सिप एएलजी (कॉलच्या संदेशांत ढवळाढवळ करणारी सोय) बंद करा.

आता खरी गोम. जी.७११ कोडेकमध्ये (आवाजाचा डेटा बनवायच्या एका पद्धतीत) आवाजाचं प्रत्येक पाकीट साधारणतः २० मिलिसेकंदांचं, म्हणजे एका दिशेला सेकंदाला ५०. आवाज एक्स्चेंजमधून जात असेल तर ३० कॉलमध्ये दोन्ही बाजूंकडून मिळून सेकंदाला ३००० पाकिटं आत येतात आणि तेवढीच बाहेर जातात. बँडविड्थ किरकोळ लागते, पण प्रत्येक पाकीट वेळेवर निघायला हवं. होस्टने तुमच्या मशीनला ६० मिलिसेकंद ताटकळत ठेवलं तर प्रत्येक आवाजाची तीन पाकिटं खोळंबली. वेबसाइटला याचा पत्ताही लागत नाही. कानाला लगेच लागतो.

मी यात दोन आठवडे घालवले. रोज अकराच्या सुमारास आवाज यंत्रमानवासारखा व्हायचा. केबल बदलल्या, स्विच बदलला, सेवा देणाऱ्यांशी भांडलो. शेवटी मशीनच्या आत 'टॉप' ही कमांड लावून 'एसटी'चा (आपल्या वाटचा सीपीयू होस्टने किती दुसऱ्याला दिला, त्याचा) आकडा पाहिला. शेजारच्या डेटाबेस मशीनचा रिपोर्ट सुरू झाला की तो शून्यावरून उडी मारायचा. होस्टचे कोअर दुसरंच कोणी खात होतं.

अशा वेळी 'कोअर वाढवा' हा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. दुकानात गर्दी असताना घरची आठ माणसं रांगेत उभी केल्याने रांग लवकर सरकत नाही. होस्टवरच्या सगळ्या मशीनचे मिळून कोअर प्रत्यक्ष कोअरपेक्षा जास्त होऊ देऊ नका, पीबीएक्सला सीपीयूचं प्राधान्य द्या, मेमरी बलूनिंग (होस्टने गरजेनुसार मशीनची मेमरी काढून घेणं) बंद करा. मग होस्टवर मुद्दाम भार टाकून अ‍ॅस्टरिस्कच्या कन्सोलवर 'टायमिंग टेस्ट' चालवा. १००० मिलिसेकंदांत ५० ठोके मिळायला हवेत. कॉन्फरन्स आणि होल्डवरचं संगीत याच ठोक्यांवर चालतं. मोकळ्या होस्टवर केलेली चाचणी ही चाचणीच नव्हे.

मेमरीसकट स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) कामाच्या वेळेत कधीही घेऊ नका. मशीन क्षणभर गोठते, आणि तेवढा वेळ चालू कॉलवर शुकशुकाट.

क्लोन, म्हणजे मशीनची हुबेहूब प्रत, बनवलात तर चालू करण्याआधी त्याचं नेटवर्क तोडा. नाहीतर दोन्ही मशीन एकाच ट्रंकवर (फोन कंपनीशी असलेल्या जोडणीवर) नोंदणी करतात, आणि येणारे कॉल कधी इथे तर कधी तिथे वाजत राहतात. तिथे, म्हणजे जिथे एकही फोन जोडलेला नाही.