जुन्या मारुतीची सीट उघडण्याआधी

आंबेनळी घाटात पोलादपूरकडून वर येताना एका वळणावर आईनं पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि तिची सीट खडखडत मागे गेली. पाय पेडलपर्यंत पोहोचेना. मी शेजारी होतो, हँडब्रेक ओढला. मागे गाडी नव्हती म्हणून निभावलं. ब्रेक मारला की सीट बोटभर पुढे सरकते, हे महिनाभर जाणवत होतं आणि आम्ही ते चालवून घेतलं होतं. म्हणून आधीच सांगतो, सीट हलत असेल तर दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका. मागे लाकडी ठोकळा ठोकून चालवणारे मी पाहिलेत, तसं अजिबात करू नका.

आमची मारुती ८०० आहे. १९८३ साली आलेली ही गाडी २०१४ मध्ये बंद झाली, तरी रस्त्यावर अजून दिसते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तेव्हा पासिंगला जायच्या आधी हे काम हातावेगळं केलेलं बरं.

पाना हातात घेण्याआधी एक संध्याकाळ नुसतं बघण्यासाठी ठेवा. सीट दोन रुळांवर चालते. रुळाला खाचा असतात आणि पुढचा दांडा सोडला की खटका त्या खाचेत बसतो. काही गाड्यांत एकच आडवी दांडी दोन्ही बाजूंचे खटके उचलते, काहींत एका बाजूचा खटका तारेनं दुसऱ्याला जोडलेला असतो. तार सैल पडली किंवा आकडा निसटला की एकच बाजू धरते. सीट तेव्हा घट्ट वाटते, पण जोर आला की तिरकी होऊन सुटते. सगळ्यात धोक्याची अवस्था हीच. तेव्हा आत बसा, दांडा सोडा, अंग मागे-पुढे रेटा आणि दोन्ही बाजूंचा ‘खट’ ऐकू येतो का ते पाहा. मग टॉर्च घेऊन खाली वाका. आमच्या डाव्या रुळात एक रुपयाचं नाणं आडवं अडकलं होतं आणि त्याच्या मागे चिंचोका. त्या नाण्यामुळे खटका अर्धाच खाली उतरत होता, आणि अर्धाच धरल्यामुळे त्याच्या दाताची कड झिजून गोल झाली होती. नाणं वेळेवर काढलं असतं तर पार्ट बदलावा लागला नसता.

याच वेळी गाडीच्या तळाकडेही बघा. सीटचे बोल्ट तळाला वेल्ड केलेल्या नटात बसतात. कोकणात पावसाळाभर ओला राहिलेला गालिचा उचलला तर खाली पत्रा पापुद्र्यासारखा सुटलेला असू शकतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून पाहा. आवाज बद्द येत असेल तर आधी डेंटिंगवाल्याकडे जा, सीट नंतर. तिथे वेल्डिंग करायचं ठरलं तर पेट्रोलची आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते खालून बघून घ्या, बॅटरी सोडवा, गालिचा आणि फोम बाहेर काढा.

आदल्या रात्री चारही बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी घाईनं ताकद लावली तर आतला नट फिरतो आणि कामाचा दिवस वाया जातो. जपानी वळणाच्या गाड्यांत बारा किंवा चौदा मिलिमीटरची गोटी (सॉकेट) बहुधा पुरते, सोबत रॅचेट आणि एक्स्टेंशन ठेवा. तारेचा ब्रश, पक्कड, जाड हातमोजे आणि एक जुनी गोधडी लागेल. रुळाच्या कडा धारदार असतात, गोधडी दाराच्या उंबऱ्यावर टाकली की रंग खरवडत नाही. एअरबॅगवाल्या गाडीत सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर ते काम माहितगारावर सोपवा.

पुढचे बोल्ट सीट पूर्ण मागे नेऊन निघतात, मागचे पुढे नेऊन. रूळच जाम असेल तर हे अडतं, म्हणून तो आधी हलता करून घ्या. पाठ मागे-पुढे करणाऱ्या यंत्रणेत घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते. पाठ पूर्ण पुढे वाकवून तिचा ताण उतरवल्याशिवाय तिथला स्क्रू सोडू नका, बोटं सोलवटून निघतात.

पार्ट आणायला जुना पार्ट सोबत न्या. डावा-उजवा वेगळा असतो आणि फोटोवरून दुकानदारालाही खात्री देता येत नाही. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, किंवा तुमच्या गावचा भंगारवाला. वापरलेला रूळ घेताना खाचा बोटानं चाचपा, कड टोचली पाहिजे. झिजलेल्या दातावर वेल्डिंगचा थर चढवून देतो म्हणणारे भेटतील, नको म्हणा. तापवल्यावर त्या लोखंडाचा कडकपणा जातो. बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातले साधे घेऊ नका, मूळचेच किंवा डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेले घ्या.

ग्रीस रुळाच्या आत, बोटानं फिरवलेला पातळ हात एवढंच. जास्त झालं की त्यात धूळ बसून पुन्हा तोच चिखल.

बसवताना दोन्ही बाजू एकाच क्रमांकाच्या खाचेत आहेत ना ते मोजा. चारही बोल्ट हातानं लावा, सीट दोनदा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, मगच आवळा. आधीच आवळलं तर रूळ किंचित वाकडे बसतात आणि परत एकच खटका धरतो.

शेवटी चाचणी. रोजच्या चालकाची जी खाच असते ती सगळ्यात जास्त झिजते, म्हणून चाचणीही तिथेच घ्या. आई बसते त्या खाचेशी मी रुळावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. मोकळ्या मैदानात पट्टा लावून आधी हळू, मग जोरात ब्रेक मारले, आणि जवळच्या चढावर गाडी थांबवून पहिल्या गिअरमध्ये पुन्हा उचलली. खाली उतरून पाहिलं तेव्हा ठिपका जागच्या जागी होता.