इंग्रजी सर्वनाम ओळखायचं कसं? आधी शब्दाची जागा बघा

'आय, वुई, यू, ही, शी, इट, दे' घडाघडा म्हणणारी मुलं माझ्या क्लासला भरपूर येतात. समोर वाक्य ठेवलं की अडतात, कारण तोच शब्द एका वाक्यात सर्वनाम असतो, दुसऱ्यात नसतो. म्हणून यादी मागाहून.

फळ्यावर मी दोन वाक्यं लिहिते: 'दिस चादर इज रेड' आणि 'दिस इज रेड'. दोन्हीकडे 'दिस' पुसून तिथे 'द चादर' लिहा. 'द चादर चादर इज रेड' हे कोसळलं. इथे 'दिस' विशेषणाचं काम करतोय. 'द चादर इज रेड' मात्र नीट उभं राहिलं. इथे तो नामाच्या जागी बसलाय, म्हणजे सर्वनाम. 'हिज शॉप इज इन नवी पेठ' आणि 'द शॉप इज हिज' यांनाही हीच कसोटी लावा. माय-माइन, हर-हर्स यांत रूप बदलतं म्हणून कळतं. 'हिज' बदलत नाही, आणि परीक्षेत नेमका तोच विचारतात.

खरी गफलत मराठीतून विचार करताना होते. आपण वडिलांना 'ते' म्हणतो, म्हणून 'माय फादर' लिहून पुढच्या ओळीत मुलं 'दे' लिहितात. इंग्रजीत आदरासाठी अनेकवचन येत नाही. वडील असोत, सर असोत की कलेक्टर, पुरुष एकटा असेल तर 'ही'. मुलांना हा उद्धटपणा वाटतो. तो नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

दुसरी गफलत लिंगाची. मराठीत चादर 'ती', यंत्रमाग 'तो'. इंग्रजीत दोन्ही 'इट'. कन्नड बोलणाऱ्या घरांतली मुलं इथे चटकन सावरतात, कारण त्यांच्याकडे वस्तूला 'अदु' असतंच. सोलापुरात शिकवायचा हा मोठा फायदा आहे, वर्गात त्याचा उपयोग करून घ्या.

'आय' (I) की इंग्रजीतला 'मी' (me) हे ठरवणं सोपं: कर्ता असेल तर 'आय', कर्म असेल किंवा आधी 'टू', 'विथ', 'बिटवीन' असेल तर 'मी'.

सरावाला चार ओळींचा उतारा घ्या. प्रत्येक सर्वनामाखाली रेघ मारा आणि ते ज्या नामासाठी आलंय तिथपर्यंत पेन्सिलीने बाण काढा. 'आय' आणि 'यू' सोडून द्या, ते बोलणारा आणि ऐकणारा. 'सुरेश टोल्ड महेश दॅट ही वॉज लेट' यात बाण दोघांकडेही जातो. असं वाक्य स्वतः लिहिलं असेल तर 'ही' काढून नाव घाला. 'इट इज रेनिंग'मधल्या 'इट'चा बाण कुठेच जात नाही. तिथे शेजारी शून्य काढा आणि पुढच्या ओळीकडे वळा.